अर्ध्या कानाने ऐकलेली गोष्ट

समोरासमोर बोलणे चालू असताना एकाचे लक्ष स्मार्टफोनकडे वळते आणि त्यातून मैत्रीत, प्रेमात किंवा घरात दुरावा येतो, अशा आशयाची पत्रे गेल्या काही महिन्यांत सातत्याने आली. बहुतेक पत्रे विद्यार्थ्यांची आहेत. त्यांतील निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून आणि ओळख पटेल असा तपशील वगळून येथे देत आहोत.

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि वसतिगृहात राहते. माझ्या खोलीतली मैत्रीण मनाने चांगली आहे. परंतु मी काही सांगू लागले की तिचा अंगठा फोनवर फिरतच असतो. "ऐकतेस ना?" असे विचारले, तर ती माझे शेवटचे वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवते. त्यामुळे तक्रार करायला जागा उरत नाही, पण मन खट्टू होते. हल्ली मी तिला फारसे काही सांगतच नाही. मी उगाच मनाला लावून घेते आहे का?

उत्तर : नाही. शेवटचे वाक्य म्हणून दाखवणे हा तुमच्या मैत्रिणीने दिलेला पुरावा खोटा नाही, पण त्याने फारसे काही सिद्धही होत नाही. कानावर पडलेला आवाज काही सेकंद स्मृतीत जसाच्या तसा रेंगाळतो. मन दुसरीकडे गुंतलेले असले, तरी विचारल्याबरोबर त्या साठ्यातून शेवटचे शब्द उचलून परत देता येतात. चार वाक्यांपूर्वी तुम्ही काय म्हणालात आणि ते म्हणताना तुमचा आवाज का बदलला, हे मात्र तेथून मिळत नाही. त्यासाठी ऐकता ऐकता अर्थ लावत राहावे लागते, आणि तेच काम पडद्यावरचा मजकूर वाचतानाही करावे लागत असल्याने दोन्ही एकाच वेळी नीट होत नाहीत.

तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे : "हल्ली मी तिला फारसे काही सांगतच नाही." फोनमुळे ऐकणाऱ्याचे काय निसटते याची चर्चा पुष्कळ होते. माझ्या मते मोठे नुकसान सांगणाऱ्याच्या बाजूला होते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जॅनेट बाव्हेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याबाबतीत फार बोलका आहे. त्यात एकाने आपल्यावर थोडक्यात टळलेल्या संकटाची हकिगत दुसऱ्याला सांगायची होती. काही श्रोत्यांना मात्र गुपचूप एक वेगळेच काम दिलेले होते : सांगणाऱ्याच्या तोंडून इंग्रजी 'टी' या अक्षराने सुरू होणारा शब्द आला की बटण दाबायचे. म्हणजे हे श्रोते शब्द अगदी बारकाईने ऐकत होते, गोष्ट तेवढी ऐकत नव्हते. त्यामुळे योग्य जागी दचकणे, भुवया उंचावणे, "अरे बाप रे" म्हणणे हे त्यांच्याकडून जवळजवळ थांबले, आणि सांगणाऱ्यांच्या हकिगती बिघडल्या. विशेषतः शेवट बिघडले. जेथे गोष्टीने उंची गाठायची तेथेच कोणी घाईने आटोपते घेतले, कोणी तेच तेच सांगत राहिले, तर कोणी हा प्रसंग खरोखर धोक्याचा कसा होता याचे स्पष्टीकरण देऊ लागले.

हा प्रयोग स्मार्टफोन येण्यापूर्वीचा आहे, आणि म्हणूनच मला तो अधिक मोलाचा वाटतो. कारण दोष यंत्राचा की लक्षाचा, हा वाद त्यात शिरत नाही. गोष्ट सांगणारा एकटा सांगत नसतो. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून तो पुढचे वाक्य ठरवत असतो. दहा भाषांतील संभाषणे तपासणाऱ्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, एवढाच आढळला. इतक्या बारीक लयीत चालणाऱ्या गोष्टीत ऐकणाऱ्याने एक संदेश वाचून मान वर करेपर्यंत दोन-तीन सेकंद गेले, तरी सांगणाऱ्याला ते जाणवते, मग ते त्याला शब्दांत मांडता येवो वा न येवो. मोनिषा पसुपती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये याच्याही पुढची एक गोष्ट दाखवली : लक्ष नसलेल्या श्रोत्याला सांगितलेला प्रसंग पुढे सांगणाऱ्याला स्वतःलाच कमी आठवतो.

म्हणून तुमच्या मनाला जे लागते त्याला कारण आहे. तुम्ही सांगायला बसता, अर्ध्यावर तुमचीच गोष्ट तुम्हाला क्षुल्लक वाटू लागते, तुम्ही ती आवरती घेता आणि काही दिवसांनी सांगणेच सोडून देता. तुमच्या मैत्रिणीच्या दृष्टीने मात्र काहीच घडलेले नसते, कारण जे तिला सांगितलेच गेले नाही त्याची उणीव तिला जाणवणार कशी?

तक्रार करताना "तू ऐकत नाहीस" असे म्हणू नका. ती पुन्हा शेवटचे वाक्य म्हणून दाखवील आणि वाद तुम्ही हराल. त्याऐवजी स्वतःपुरते बोला : "तू फोन पाहत असलीस की मला सांगणे जमत नाही, मी मध्येच थांबते." हे खोडून काढता येत नाही, आणि त्यात तिच्यावर आरोपही नाही. त्याचबरोबर सुरुवात करण्यापूर्वी विचारत जा : "दहा मिनिटे आहेत का? एक सांगायचे आहे." ती "थांब, एवढे पाठवून होऊ दे" म्हणाली, तर तो नकार मानू नका. वसतिगृहात एका खोलीत दिवसरात्र राहणाऱ्या दोघींपैकी एकीने दुसरीचे प्रत्येक वाक्य पूर्ण लक्ष देऊन ऐकावे, ही अपेक्षा कोणालाच पेलणार नाही. जे महत्त्वाचे आहे ते तसे सांगून वेगळे करा, एवढे पुरते.

प्रश्न : तुमच्याकडे येणाऱ्या तक्रारी ज्यांच्याविषयी असतात, त्यांतला मी एक आहे. महाविद्यालयात माझे पहिलेच वर्ष आहे. चारचौघांत गप्पा सुरू झाल्या की काय बोलावे ते मला सुचत नाही आणि हात आपोआप फोनकडे जातो. बहुतेक वेळा मी काही वाचतही नसतो. तेच चार ॲप उघडतो आणि बंद करतो. आता कानावर आले की मुले मला गर्विष्ठ समजतात. शिवाय घरी एक जण आजारी असल्याने फोन बंद ठेवणे मला शक्य नाही. काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. आधी सोपा घेऊ. घरचा फोन चुकू नये म्हणून सगळा फोन सतत डोळ्यांसमोर ठेवण्याची गरज नसते. जवळपास प्रत्येक स्मार्टफोनवर 'डू नॉट डिस्टर्ब' ही सोय असते आणि तिच्यात ठरावीक व्यक्तींचे कॉल येऊ देण्याची मुभा असते. शिवाय तीच व्यक्ती थोड्या वेळात पुन्हा कॉल करत असेल, तर तो वाजू देण्याचा पर्यायही असतो. अँड्रॉइडवर ही मर्यादा १५ मिनिटांची आणि आयफोनवर ३ मिनिटांची आहे. घरच्यांना एवढेच सांगून ठेवा की तातडीचे असेल तर मेसेज न करता कॉल करावा. त्यानंतर फोन वाजला नाही, याचा अर्थ घरी सर्व ठीक आहे, असा विश्वास धरता येतो. आजारपणाच्या काळजीने फोन पाहणे आणि त्या निमित्ताने बाकी सगळे पाहत बसणे, यांतला फरक तुमच्या तुम्हालाच कळू लागेल.

दुसरा प्रश्न अवघड आहे, कारण फोन तुम्हाला खरोखर मदत करतो. अवघडलेपण येते, फोन हातात घेतला की ते कमी होते, आणि त्यामुळे पुढच्या वेळी हात अधिक लवकर तिकडे जातो. अडचण अशी की बाहेरून तुमचे अवघडलेपण कोणालाच दिसत नाही. दिसते ती खाली वळलेली मान. अनोळखी विद्यार्थ्यांच्या जोड्यांना एका खोलीत वाट पाहत बसवून केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्याजवळ फोन होते ते एकमेकांकडे पाहून कमी हसले, एवढाच त्याचा साधा निष्कर्ष आहे. पण नव्या ठिकाणी ओळखी कशा होतात हे आठवून पाहिले, तर तो हलक्याने घेता येणार नाही. पहिल्या वर्षात कोणी कोणाची निवड विचारपूर्वक करत नाही, नजरानजर होते, कोणीतरी हसते, कोणीतरी "जागा आहे का?" असे विचारते आणि तीन वर्षांची मैत्री सुरू होते. मान खाली असलेल्या माणसाला असे कोणी विचारत नाही.

मुले तुम्हाला गर्विष्ठ का समजतात, याचेही उत्तर काही प्रमाणात मिळाले आहे. समोरच्याला डावलून फोनमध्ये पाहणे याला २०१२ पासून 'फबिंग' म्हटले जाऊ लागले. ब्रिटनमधील केंट विद्यापीठातील वरोथ चोटपितयासुनोंध आणि कॅरेन डग्लस या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींना तीन मिनिटांची एक चलतचित्रफीत दाखवली आणि त्यातील एका पात्राच्या जागी स्वतःला कल्पायला सांगितले. समोरचे पात्र जितके अधिक फोनमध्ये गुंतलेले, तितका संवादाचा दर्जा त्यांना खालावलेला वाटला आणि आपण येथे नकोसे आहोत ही भावना तितकी वाढली. कल्पनेतल्या प्रसंगातही असे होत असेल, तर प्रत्यक्ष बाकावर शेजारी बसलेल्या मुलाला काय वाटत असेल? तुम्ही त्याला घाबरून फोनमध्ये पाहता, आणि त्याला वाटते की तुम्हाला तो नको आहे.

सुचत नाही म्हणून बोलायलाच हवे असे नाही. गप्पांत चांगल्या श्रोत्याची जागा नेहमी रिकामी असते, आणि ती घेणारे फार थोडे असतात. फोन खिशात न ठेवता पिशवीत ठेवा. खिशातल्या फोनकडे हात नकळत जातो, पिशवी उघडायला मात्र ठरवावे लागते. मग समोरचा सांगतो आहे त्याच्यातलाच एक धागा पकडून विचारा : "मग तू काय केलेस?" एवढ्या भांडवलावर बराच वेळ निभावता येते. आणि एकाशी थोडी ओळख झाली की त्याला खरे सांगून टाका की अवघडल्यासारखे झाले की माझा हात फोनकडे जातो. गर्विष्ठपणाचा समज त्या एका वाक्याने जितका दूर होईल, तितका फोन लपवून होणार नाही.

प्रश्न : बोलताना मी फोन सायलेंट करून टेबलावर उलटा ठेवतो. तरीही एका मैत्रिणीचा आक्षेप असतो. फोन नुसता दिसल्याने काही बिघडते, याला काही आधार आहे का? – पदव्युत्तर विद्यार्थी

उत्तर : आधार आहे, पण तो ऐकीव चर्चेत सांगितला जातो तेवढा भक्कम नाही. अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि नेटा वाइनस्टाइन यांच्या २०१३ च्या प्रयोगांत खोलीत फोन नुसता ठेवलेला असतानाही, विशेषतः जिव्हाळ्याच्या विषयावर बोलणाऱ्यांना, परस्परांविषयी जवळीक आणि विश्वास कमी वाटला. पुढे अमेरिकेत कॉफीच्या दुकानांत १०० जोड्यांची दहा-दहा मिनिटांची संभाषणे पाहिली गेली, तेव्हाही हातात किंवा टेबलावर फोन असलेल्यांचे संभाषण फिके ठरले. मात्र तेथे फोन कोणी बाहेर काढायचा हे संशोधकांनी ठरवले नव्हते, त्यामुळे फोनने गप्पा फिक्या केल्या की फिक्या गप्पांनी फोन बाहेर काढला, हे त्यावरून सांगता येत नाही. नुसत्या अस्तित्वाचा परिणाम नंतरच्या सर्वच प्रयोगांत दिसलेला नाही. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी ३०० हून अधिक लोकांना आप्तमित्रांसोबत जेवायला बसवले आणि काहींना फोन टेबलावर, तर काहींना बाजूला ठेवायला लावले. फोन जवळ असलेल्यांचे लक्ष अधिक विचलित झाले आणि जेवणाची मजा त्यांना थोडी कमी आली. फरक मोठा नव्हता, पण होता. येथे मात्र फोन वापरताही येत होता.

तेव्हा मैत्रिणीशी शास्त्राच्या आधारे वाद घालण्यात अर्थ नाही, दोघांनाही आपापल्या सोयीचा प्रयोग सापडेल. उलटा ठेवलेला फोन सुलट्यापेक्षा बरा आणि पिशवीतला त्याहून बरा. तिला तो खटकतो, हे कारणच पुरेसे नाही का?

प्रश्न : आम्ही दोघे एकाच वर्गात आहोत आणि दोन वर्षांपासून एकमेकांवर प्रेम करतो. मी फोन पाहिला की ती रागावते. तिने पाहिला की मी मुद्दाम माझा काढतो. मग ती विचारते, "कोणाशी बोलतोस?" आणि भांडण दुसरीकडेच जाते. बहुतेक वेळा मी कोणाशीच बोलत नसतो.

उत्तर : तुमचा "मुद्दाम" हा शब्द प्रामाणिक आहे, त्याबद्दल बरे वाटले. वर उल्लेखलेल्या केंट विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये २५१ जणांची पाहणी करून असे मांडले की जो स्वतः इतरांसमोर फोनमध्ये पाहतो त्याच्या वाट्यालाही तेच येते, आणि हे दोन्ही अंगवळणी पडले की ते वागणे सर्वमान्य वाटू लागते. तुमच्याकडे ही पायरी अजून आलेली नाही. तुम्हा दोघांना ते अजून खटकते, हे माझ्या दृष्टीने चांगले लक्षण आहे. खटकणे थांबले की दोघे शेजारी बसून आपापल्या फोनमध्ये पाहतात आणि भांडणही होत नाही.

या प्रश्नावर अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या जेम्स रॉबर्ट्स आणि मेरेडिथ डेव्हिड यांच्या २०१६ च्या अभ्यासाचे दाखले नेहमी दिले जातात. ४५३ प्रौढांच्या पाहणीत ४६.३ टक्के लोकांनी जोडीदार आपल्यासमोर फोनमध्ये गुंततो असे सांगितले आणि २२.६ टक्के लोकांनी त्यावरून खटके उडतात असे सांगितले. ते विद्यार्थी नव्हते, त्यामुळे हे आकडे तुमच्या वयाला तसेच्या तसे लावू नयेत. पण या दोन आकड्यांमधले अंतर पाहा : जेवढ्यांना हे अनुभवाला येते, त्यांच्या जवळपास निम्म्यांकडेच ते उघड वादापर्यंत पोहोचते. बाकीच्यांना त्याचे काही वाटत नाही की ते बोलत नाहीत, हे आकड्यांवरून कळत नाही.

"कोणाशी बोलतोस?" हा प्रश्न संशयातून येतो असे तुम्ही गृहीत धरता. मला त्यात दुसरेही काही दिसते. पुस्तक वाचणारा माणूस काय करतो आहे हे समोरच्याला दिसते. फोन पाहणारा वेळ पाहतो आहे, नोट्स शोधतो आहे की कोणाशी हसतखेळत बोलतो आहे, हे बाहेरून अजिबात कळत नाही, आणि जे कळत नाही ते माणूस आपल्या भीतीप्रमाणे भरून काढतो. यावर एक साधा उपाय आहे, सुरुवातीला कृत्रिम वाटला तरी करून पाहा. फोन हातात घेताना काय करतो आहोत ते तोंडाने सांगायचे : "उद्याचे वेळापत्रक आले का पाहतो." पाहून झाले की फोन खाली ठेवायचा आणि तुटलेला धागा स्वतः जोडायचा : "हं, तू परीक्षेचे सांगत होतीस." संशयाचा प्रश्न पहिल्या वाक्याने उरत नाही, दुसऱ्याने तिला कळते की तिची गोष्ट तुमच्या लक्षात होती. आणि ज्याला असे तोंडाने सांगायला संकोच वाटावा असे काही पाहायचे असेल, तर ते त्या वेळी न पाहिलेलेच बरे. बदला म्हणून फोन काढणे मात्र आजपासून सोडा. ते तिला कधीच बदला म्हणून कळत नाही, दुर्लक्ष म्हणूनच कळते.

प्रश्न : मुलगा बाहेर शिकतो. सुट्टीत घरी येतो, पण देहाने घरात आणि मनाने फोनमध्ये असतो. मी काही विचारले की एका शब्दात उत्तर देतो. घरात फोनबंदीचा नियम करावा का? – एक आई

उत्तर : पूर्ण बंदीने मुलगा हाती लागणार नाही, तो खोलीत जाऊन बसेल. त्याच्या फोनमध्ये जे आहे तेही त्याच्या नात्यांचेच जग आहे, हे विसरून चालणार नाही. वर्षाचे बहुतेक दिवस तो ज्यांच्यासोबत राहतो, ते मित्र या सुट्टीत त्याच्यापासून लांब आहेत. तिकडे असताना तो तुमच्याशीही फोनवरच बोलत असेल, आणि त्या वेळी त्याच्यासमोर बसलेला मित्र कदाचित असेच पत्र लिहीत असेल.

एक विचारते, राग मानू नका. तुम्ही त्याला काय विचारता? गुण, हजेरी, जेवण आणि पैसे, हे प्रश्न काळजीचे असले तरी त्यांची उत्तरे एका शब्दातच देता येतात. फोन नसता तरी ती तशीच आली असती, फक्त तेव्हा दोष द्यायला समोर यंत्र नसते. लांबलचक बोलणे बहुधा प्रश्नांतून सुरू होत नाही. तुमच्या कामावर किंवा नात्यागोत्यात घडलेली एखादी हकिगत त्याला मोठ्या माणसाला सांगावी तशी सांगून पाहा. आणि तो आपणहून काही सांगू लागला, की तुमच्या हातातला फोन आधी बाजूला ठेवा.

नियमच करायचा असेल, तर तो छोटा, सर्वांना सारखा आणि शेवट ठरलेला असावा. जेवणाची वेळ त्यासाठी सर्वांत सोयीची. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नोटिफिकेशन दिवसातून तीन ठरलेल्या वेळी एकत्र मिळणाऱ्यांचे लक्ष आणि मनःस्थिती सुधारली, तर ज्यांच्या नोटिफिकेशन पूर्ण बंद केल्या त्यांची बेचैनी वाढली. म्हणून अर्धा तास बाजूला ठेवलेला फोन जेवणानंतर त्याला खुशाल पाहू द्या, आणि तेव्हा तो किती वेळ पाहतो हे मोजू नका. नियम जाहीर करण्यापूर्वी त्यालाच विचारा की घरात जेवताना सर्वांत जास्त फोन कोण पाहते. उत्तरात तुमचे किंवा त्याच्या वडिलांचे नाव आले, तर सुरुवात तेथून करा.